इशारा घरच्यांनाच होता

बायबलमधला मूर्तिपूजेचा निषेध म्हटला की आपल्याला परधर्मावरचा हल्लाच आठवतो. त्याला कारणही आहे. 1832 साली मिशनरी जॉन विल्सन यांनी हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून हिंदू धर्माचे खंडन छापले, तेव्हापासून ही ओळख पक्की होत गेली. पण जुना करार सलग वाचला तर त्यातले बोट शेजाऱ्याकडे कमी आणि स्वतःच्याच लोकांकडे अधिक रोखलेले दिसते. सोन्याचे वासरू घडवले ते मोशेच्या सख्ख्या भावाने, अहरोनाने, आपल्याच लोकांच्या कानांतल्या दागिन्यांचे. आणि दुसऱ्या दिवशीचा सण जाहीर केला तोही परमेश्वराच्याच नावाने. पितळी सर्पाची कथा तर याहून बोलकी आहे. रानात सर्पदंश झालेल्यांना वाचवण्यासाठी तो खुद्द मोशेने देवाच्या आज्ञेवरून केला होता. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. मोशेच्या हातची वस्तू म्हणून तिला सूट मिळाली नाही.

आपलेच लोक बहकतील ही धास्ती निराधार नव्हती. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद येथे 1975-76 मध्ये झालेल्या उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचे रांजण सापडले. त्यांवर शोमरोनचा याहवे, म्हणजे इस्राएलचा तोच परमेश्वर, आणि ‘त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिले आहेत. अशेरा म्हणजे देवी की पूजेचा खांब, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण एकट्या याहवेचेच नाव घेतले जात नव्हते, एवढे उघड आहे. मग एकाचीच भक्ती हा आग्रह कोणत्या भाषेत मांडला गेला? बऱ्याच अंशी राजनिष्ठेच्या. असीरियाच्या एसरहद्दोनने इ.स.पू. 672 मध्ये मांडलिकांकडून युवराजाशी निष्ठेची शपथ घेतली, तीत भाऊ किंवा मुलगा जरी फितुरीचे बोलला तरी ते लपवायचे नाही, असे कलम होते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात जवळपास हेच येते, फक्त राजाच्या जागी देव आहे.

निषेधाचा रोख घरच्यांवरच होता, या म्हणण्यावर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चव्वेचाळिसावा अध्याय पुढे केला जाईल: अर्ध्या लाकडावर भाकरी भाजून उरलेल्याचा देव करणाऱ्या सुताराची ती टवाळी. टवाळी न्याय्य नाही, हे मान्य करावे. बाबिलोनमध्ये मूर्तीच्या मुखशुद्धीच्या विधीत झाऊच्या लाकडी तलवारीने कारागिरांचे हात तोडल्याचा अभिनय होई आणि ही मूर्ती आपण घडवली नाही, अशी शपथ ते घेत. प्राणप्रतिष्ठा माहीत असलेल्या आपल्या वाचकाला यातले मर्म सांगायला नको. पण यशयाचे श्रोते यरुशलेम गमावलेले, बाबिलोनच्या वैभवाने दिपलेले निर्वासित होते. हरलेल्याने जेत्याच्या देवाला हसणे वेगळे आणि 1567 मध्ये गोव्याच्या साष्टीतली देवळे पाडणाऱ्या पोर्तुगीजांनी तोच निषेध तोंडी घेणे वेगळे.

तरीही सगळा दोष नंतरच्यांवर ढकलता येत नाही. दुसऱ्या देवाकडे वळवू पाहणाऱ्या सख्ख्या भावाला दगडमार करा, असे अनुवादातच लिहिले आहे, आणि पहिला दगड नातलगानेच मारायचा आहे. घरातल्या निष्ठेसाठी केलेला हा कायदा घरातल्यांवरही क्रूरच होता.