काळा घोडा : एका रेंगाळण्याच्या पेठेची घडण

बाजारपेठांचे वर्गीकरण सामान्यतः तेथे विकल्या जाणाऱ्या मालावरून केले जाते. सराफ बाजार, भांडे आळी, कापड बाजार ही नावेच त्याची साक्ष देतात. मुंबईच्या कोट विभागातील ‘काळा घोडा’ या परिसराला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. चित्रे, ग्रंथ, वस्त्रे, हस्तकलेच्या वस्तू आणि खाद्यपेये यांची तेथे सरमिसळ आहे. आणि येणारा मनुष्य पुष्कळदा विशिष्ट वस्तूसाठी न येता केवळ रमतगमत हिंडण्यासाठी येतो. अशी पेठ कशी घडते, आणि तिचे जतन करावयाचे म्हणजे नेमके कशाचे जतन करावयाचे, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

परिसराला नाव मिळाले ते सातव्या एडवर्डच्या, तो युवराज असतानाच्या, अश्वारूढ पुतळ्यावरून. आल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा 1879 मध्ये उभारला गेला. लोकांनी स्वाराला बाजूस सारून घोड्याचेच नाव स्थळाला दिले. 1965 मध्ये पुतळा हलविण्यात आला व पुढे तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. तरी नाव टिकले. 2017 मध्ये येथे नवा घोडा बसविण्यात आला, तो स्वाराविना. लोकव्यवहाराने दीर्घकाळापूर्वी केलेली निवडच जणू शिल्पाने मान्य केली.

परिसराच्या घडणीचे पहिले कारण भौगोलिक आहे. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. ‘रॅम्पार्ट रो’ हे येथील रस्त्याचे जुने नाव त्या तटाचेच स्मारक होय. तटाच्या आतील बाजूस जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्या होत्या. त्यांपैकी ‘रोपवॉक लेन’ हे नाव दोर वळण्याच्या धंद्याची आठवण देते. बाहेरील मोकळ्या मैदानावर सार्वजनिक संस्थांच्या भव्य इमारती उठल्या. या दोन नगररचनांच्या सांध्यावर काळा घोडा वसला आहे. एका बाजूस डेव्हिड ससून ग्रंथालय (1870) व एल्फिन्स्टन महाविद्यालय, दक्षिणेस 1922 मध्ये खुले झालेले वस्तुसंग्रहालय आणि 1952 मधील जहांगीर कलादालन. दुसऱ्या बाजूस बोळ, कमानी व लहान गाळे. भव्य इमारती माणसाला थांबवितात, गल्ल्या त्याला आत ओढतात.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. जहांगीर कलादालनात प्रवेशास शुल्क नाही. कचेरीतून निघालेला कारकून व चित्रांचा धनिक संग्राहक एकाच दारातून आत जातात. दालनाबाहेरील पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडतात. पाहणे आणि विकत घेणे यांच्यातील सीमारेषा येथे मुद्दामच पुसट राहिली आहे. हाच नियम दुकानांनीही पाळला. ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये ध्वनिमुद्रिका घेण्यापूर्वी ऐकण्याची सोय होती. ‘चेतना’ हे एकाच वेळी भोजनगृह, ग्रंथविक्री केंद्र व प्रकाशनसंस्था होते. निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचा ‘आय ॲम दॅट’ हा इंग्रजी अनुवाद 1973 मध्ये तेथूनच प्रसिद्ध झाला. कलादालनातील ‘समोवार’ उपाहारगृहात चहाच्या एका पेल्यावर चित्रकार तासन् तास बसत. ‘वेसाइड इन’च्या खिडकीशी बसून अरुण कोलटकरांनी जे न्याहाळले, त्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी कवितासंग्रह (2004) सिद्ध झाला. त्यातील पात्रे दुकानदार वा धनिक नसून पदपथावरील माणसे व भटका कुत्रा ही आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरे कारण आर्थिक असून तेच सर्वांत नाजूक आहे. ग्राहकाला तासभर बसू देणारे दुकान भारी भाडे सोसू शकत नाही. जुन्या इमारतींतील कमी भाडे ही नव्या उपक्रमांची पूर्वअट असते, असा सिद्धान्त जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये मांडला. मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने ही अट वेगळ्या मार्गाने पुरी केली. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. गोठलेल्या भाड्यात इमारतीची दुरुस्ती होईना. 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ जेथे झाला, ते वॉटसन हॉटेल, म्हणजे पुढची एस्प्लनेड मॅन्शन, इतके जीर्ण झाले की 2019 मध्ये ते रिकामे करावे लागले.

जतनाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 1995 च्या वारसा नियमावलीने परिसराला संरक्षण दिले. 1998 मध्ये ‘काळा घोडा असोसिएशन’ स्थापन झाली आणि 1999 पासून तिचा कलामहोत्सव भरू लागला. दर्शनी भाग उजळले, गर्दी वाढली. पण नियमावली भिंतींचे रक्षण करते, व्यवसायांचे नव्हे. ‘समोवार’ 2015 मध्ये व ‘ऱ्हिदम हाउस’ 2016 मध्ये बंद झाले. ‘वेसाइड इन’ही उरले नाही. प्रत्येकाचे कारण निराळे होते. ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय तर तंत्रज्ञानातील बदलानेच बुडाला. मात्र परिणाम एकच झाला : अल्प खर्चात बसावयाच्या जागा घटल्या. परिसराची कीर्ती वाढली की जागेचे मोल वाढते, आणि वाढलेले मोल ज्यांच्यामुळे कीर्ती झाली त्यांनाच प्रथम परवडेनासे होते.

तात्पर्य, येथील खरा वारसा दगडी कमानींइतकाच बिनखर्चाने रेंगाळण्याच्या मुभेत आहे. तो टिकवावयाचा तर इमारतींच्या सूचीबरोबर वापराचीही सूची हवी. कोणत्या गाळ्यात काय चालते, किती भाड्यात चालते आणि तेथे काही न घेता किती वेळ थांबता येते, याची पद्धतशीर नोंद हे नगराभ्यासकांना करता येण्याजोगे पहिले काम होय. घोडा गेल्यावर नाव अर्धशतक टिकले. परंतु केवळ नावावर पेठ टिकत नाही.