शेजार आणि आवाज

घर भाड्यानें घ्यावयाचें असो वा विकत, माणूस चौकशी पुष्कळ करतो. खोल्या किती, पाणी केव्हां येतें, ऊन कोणत्या बाजूनें येतें, हें सर्व तो विचारून घेतो. शेजारी कोण आहे हें मात्र तो क्वचितच विचारतो. आणि विचारलें तरी त्या शेजाऱ्याचा दिनक्रम त्याला कोणी सांगत नाहीं. तो त्याला राहावयास गेल्यावर कळतो, आणि बहुधा कानांवाटे कळतो. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, शेजारच्या घरांतील गाण्याची धडधड, रात्रीं साडेअकराला सुरू झालेला मिक्सर, रविवारीं सकाळीं भिंतीला भोंक पाडणारें यंत्र, यांपैकीं एकही गोष्ट एकदां घडली तर मोठी नाहीं. परंतु ज्याच्या घरांत आजारी माणूस आहे, तान्हें मूल आहे, किंवा परीक्षेला बसणारा विद्यार्थी आहे, त्याला तीच गोष्ट रोज घडूं लागली म्हणजे स्वतःचें घर नकोसें होतें.

पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर वसलेली वाघोली हें या प्रश्नाचें बोलकें उदाहरण आहे. वाघेश्वराचें देऊळ आणि पेशवाईंतील सरदार पिलाजीराव जाधव यांचें घराणें यांमुळें हें गांव इतिहासाला ठाऊक होतें. पुढें तें दगडाच्या खाणींसाठीं ओळखलें जाऊं लागलें. जवळच खराडी येथें संगणक-व्यवसायाच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि तेथें काम करणाऱ्यांना परवडतील अशीं घरें वाघोलीस होऊं लागलीं. ३० जून २०२१ रोजीं पुणें महानगरपालिकेंत जीं २३ गांवें आलीं त्यांत वाघोलीही होती. शेतांच्या जागीं बहुमजली इमारती आल्या, आणि विदर्भांतले, मराठवाड्यांतले, परप्रांतांतले व मूळचे वाघोलीकर असे सर्व एकाच जिन्यावर येऊन राहिले. त्यांतला कोणी पहाटे उठून कामावर जातो, तर कोणी परदेशांतील कचेरीच्या वेळा सांभाळीत रात्रभर काम करून पहाटेच घरीं येतो. एकाची रात्र ती दुसऱ्याची दुपार असते. ज्या सोसायटीस नळाचें पाणी पुरत नाहीं तेथें टँकर येतो आणि त्याच्या मागोमाग पंप सुरू होतो. अशा ठिकाणीं सर्वांना एकाच वेळीं शांतता मिळावी ही अपेक्षा मूळांतच कठीण आहे.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत आवाज कमी होता असें नाहीं. सामाईक गॅलरींत भांडण, भजन, पाळणा, पाढे, सारें सर्वांच्या कानीं पडे. परंतु तो आवाज कोणाचा, हें प्रत्येकास ठाऊक असे. अमक्यांचें मूल आजारी आहे, तमक्यांकडे मंगळागौर आहे, हें माहीत असल्यामुळें कान तो आवाज सोडून देत. नव्या इमारतींत दार लावलें कीं शेजारी दिसेनासा होतो आणि त्याचा आवाज तेवढा मागें उरतो. ओळखीच्या माणसाचा गलका आणि अनोळखी माणसाचा गोंगाट यांत जो फरक आहे, तोच या सर्व प्रश्नाच्या मुळाशीं आहे.

प्रथम हा आवाज घरांत येतो कसा तें पाहावयास हवें. त्याच्या वाटा दोन. पहिली वाट हवेची. बोलणें, गाणें, दूरचित्रवाणी यांचा आवाज हवेंतून भिंतीवर आदळतो, भिंत अतिशय सूक्ष्म कंप पावते आणि तोच कंप पलीकडच्या हवेस देते. भिंत जितकी जड तितकी ती कमी हलते. म्हणूनच जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडचें बोलणें कळत नसे. आवाज डेसिबल या मापानें मोजतात. या मापांत १० ची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते. कानाला मात्र आवाज सुमारें दुप्पट झाल्यासारखा वाटतो. साधें बोलणें एक मीटर अंतरावर सुमारें ६० डेसिबल भरतें. दोन्ही बाजूंनीं गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत त्यांतले चाळीसएक डेसिबल अडविते, आणि उरलेलें पंख्याच्या घरघरींत बुडून जातें. परंतु ९० डेसिबलचें संगीत लावलें तर त्याच भिंतींतून सुमारें ५० पलीकडे पोंचतात, आणि रात्रीच्या शांततेंत ते स्पष्ट ऐकूं येतात. त्यांतही खालच्या पट्टीच्या आवाजांना भिंत फारशी अडवूं शकत नाहीं. गाण्याचे शब्द कळत नाहींत आणि ठोका तेवढा छातींत बसतो, तो यामुळेंच. भिंतींना कान असतात अशी म्हण आहे. नव्या घरांतल्या पातळ भिंतींना तोंडही असतें.

दुसरी वाट बांधकामाची. टाच आपटली, पलंग सरकविला, खलबत्त्यांत कांहीं कुटलें, तर तो धक्का सरळ स्लॅबला बसतो. वर गुळगुळीत फरशी, खालीं काँक्रीट आणि मध्यें मऊ असें कांहींच नाहीं, अशा रचनेंत तो धक्का जसाच्या तसा खालच्या छतांतून उमटतो. शिवाय इमारतीचा सांगाडा अखंड असल्यामुळें तो खांबांतून आणि तुळयांतून दूरवर जातो. म्हणून या आवाजाचा उगम ओळखतांना फसगत फार होते. डोक्यावर वाजतें आहे असें वाटतें तें बाजूच्या घरांतलें असूं शकतें. कधीं तें कोणाच्याच घरांतलें नसून पाण्याच्या पंपाचें किंवा लिफ्टच्या यंत्राचें असतें. वरच्या बिऱ्हाडाशीं भांडण काढण्यापूर्वीं चार दिवस आवाजाच्या वेळा टिपून ठेवाव्या आणि पंपाच्या वेळांशीं ताडून पाहाव्या, हें बरें. दोष यंत्राचा निघाल्यास यंत्राखालीं रबरी बैठक बसविली कीं पुष्कळ काम होतें.

आवाजानें होणारी हानि केवळ मनाची नव्हे. निजण्याच्या खोलींत सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षां अधिक नसावा असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं सांगितलें आहे. माणूस जागा झाला नाहीं तरी आवाजासरशी त्याच्या हृदयाची गति वाढते आणि झोप उथळ होते. परंतु तेवढाच आवाज एकाला सोसवतो आणि दुसऱ्याला सोसवत नाहीं, याचें कारण कानांत नसून दुसरीकडे आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं यासंबंधीं केलेले प्रयोग १९७२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. कांहीं माणसांना मोठा आणि अनियमित गोंगाट ऐकविण्यांत आला. त्यांतील एका गटाच्या हाताशीं एक बटण दिलें आणि सांगितलें कीं, अगदींच असह्य झालें तर हें दाबल्यानें आवाज बंद होईल, मात्र शक्यतों दाबूं नये. बहुतेकांनीं तें दाबलें नाहीं. गोंगाट दोन्ही गटांनीं सारखाच सोसला. पण त्यानंतर दिलेलीं कोडीं सोडविण्यांत ज्यांच्यापाशीं बटण होतें त्यांनीं पुष्कळच अधिक चिकाटी दाखविली. म्हणजे माणसाला थकविते ती आवाजापुढची असहायता.

शेजाऱ्याची ओळख हें असेंच एक बटण आहे. वर राहणाऱ्याला जाऊन सांगतां येईल, आणि सांगितलें तर तो ऐकेल, एवढा भरंवसा असला कीं निम्मा त्रास कमी होतो. सांगण्याची पाळी येतेच असेंही नाहीं. उलट हा भरंवसा नसला म्हणजे राग आंतल्या आंत सांचत जातो. जपानमधील हिरात्सुका येथें १९७४ सालीं खालच्या घरांतील पियानोच्या आवाजानें पिसाळलेल्या एका रहिवाशानें त्या घरांतील आई आणि तिच्या दोन मुली यांचा खून केला, आणि सारा देश हादरला. असे प्रसंग विरळा. परंतु त्यांची पहिली पायरी, म्हणजे न बोलतां मनांत धरलेला राग, ती प्रत्येक इमारतींत आढळते.

म्हणून उपायांचाही एक क्रम आहे. पहिला उपाय आवाज करणाऱ्याच्या घरांतला, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी टोप्या घालाव्या. मुलें खेळतात तेथें जाड सतरंजी अंथरावी. मिक्सरखालीं घडी घातलेलें जाड फडकें ठेवावें. गाण्याच्या पेट्या सामाईक भिंतीला किंवा जमिनीला टेकवूं नयेत. जो आवाज वर दोनशें रुपयांच्या वस्तूनें थांबतो तो खालच्या घरांत हजारों रुपये घालूनही पुरता थांबत नाहीं. ऐकणाऱ्याच्या घरांतही थोडें करतां येतें. दाराखालची व खिडकीची फट बुजविली, सामाईक भिंतीशीं पुस्तकांचें भरलेलें कपाट ठेवलें, पलंगाचें डोकें त्या भिंतीपासून हलविलें, तर फरक पडतो. दिवसां झोपणाऱ्यास पंख्याचा एकसुरी आवाज आणि कानांत घालावयाचे बोळे यांचा उपयोग होतो. अंड्यांचे पुठ्ठे किंवा पातळ पडदे भिंतीला लावल्यानें मात्र शेजारचा आवाज अडत नाहीं. खोलींतला घुमारा तेवढा कमी होतो.

दुसरा उपाय बोलण्याचा. आवाज चालू असतांना रागाच्या भरांत दार ठोठावण्यापेक्षां दुसऱ्या दिवशीं शांतपणें भेटावें. व्हॉट्सअ‍ॅपवरील सोसायटीच्या गटांत नांव घेऊन लिहिणें म्हणजे चारचौघांत अपमान करणें होय. त्यानें आवाज थांबत नाहीं, अबोला मात्र सुरू होतो. तक्रार नेमकी असावी आणि तींत विनंति असावी. “काकू, तुमच्याकडे फार दंगा असतो,” या वाक्यानें भांडण होतें. “काकू, बाबांचें ऑपरेशन झालें आहे, दुपारीं दोन ते चार त्यांचा डोळा लागतो, तेवढा वेळ खुर्च्या ओढल्या नाहींत तर फार बरें होईल,” या वाक्यानें बहुधा काम होतें, कारण आतां काकूंना आवाजाच्या खालीं राहणारा माणूस दिसूं लागतो. हीच गोष्ट उलट दिशेनेंही खरी. घरीं समारंभ असेल तर आदल्या दिवशीं खालीं जाऊन “दादा, उद्यां मुलीचा वाढदिवस आहे, दहापर्यंत थोडा गलका होईल,” एवढें सांगितलें कीं तो गलका सह्य होतो.

यांत दोन गोष्टींचा विवेक ठेवावा लागतो. मुलांचें धांवणें-हंसणें हा गुन्हा नव्हे. जर्मनींत शांततेचे नियम कडक आहेत. तरीही तेथील कायद्यानें २०११ सालीं स्पष्ट केलें कीं बालवाड्यांतून आणि क्रीडांगणांवरून येणारा मुलांचा आवाज सामान्यतः उपद्रव मानूं नये. दुसरें असें कीं, पुष्कळदां तक्रार आवाजाची नसून माणसांची असते. चार अविवाहित तरुण एकत्र राहतात, किंवा एखादें कुटुंब निराळी भाषा बोलतें, एवढ्यावरून त्यांचा प्रत्येक आवाज मोठा वाटूं लागतो. तक्रार करणाऱ्यानें स्वतःला विचारावें कीं, हाच आवाज ओळखीच्या घरांतून आला असता तर तो खटकला असता काय?

तिसरा उपाय संस्थेचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें, इतर सभासदांना उपद्रव होईल असें वर्तन कोणाही सभासदानें आपल्या सदनिकेंत करावयाचें नसतें. समितीला तशी नोटीस देतां येते. राहणारा भाडेकरू असेल तर मूळ मालकास लिहावें. सभासद तो आहे. घरदुरुस्तीच्या, खेळाच्या आणि पंपाच्या वेळा सर्वसाधारण सभेंत ठरवून घ्याव्या. पुण्याच्या दुपारच्या झोपेची थट्टा पुष्कळ होते. परंतु रात्रपाळी करणारे जेथें राहतात तेथें दुपारचे दोन तास राखून ठेवणें ही आतां चैन राहिलेली नाहीं.

चौथा उपाय कायद्याचा. ध्वनिप्रदूषणासंबंधीं २००० सालीं केलेल्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसां ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळचे ६. खाजगी जागेंतील ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षां अधिक असूं नये. मर्यादा १० डेसिबलनें ओलांडली गेली किंवा रात्रीचा निर्बंध मोडला गेला तर तक्रार करतां येते. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ च्या निकालांत शांततेनें जगणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचा भाग मानला. ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणीं मुंबई उच्च न्यायालयानें २३ जानेवारी २०२५ रोजीं सांगितलें कीं, तक्रारदाराची ओळख न विचारतां पोलिसांनीं कारवाई करावी आणि त्याचें नांव उघड करूं नये. रात्रीं ११२ या क्रमांकावर तक्रार करतां येते. जो शेजारी सांगूनही ऐकत नाहीं, नोटिशीलाही जुमानीत नाहीं, त्याच्यासाठीं हा मार्ग आहे आणि तो घेण्यांत संकोच नको. तारीख, वेळ व आवाजाचा प्रकार यांची टिपणवही ठेवलेली असली आणि तक्रारींत दोनतीन बिऱ्हाडें सामील असलीं तर तिला वजन येतें.

परंतु कायद्याचें माप ध्वनिक्षेपकाला लागू पडतें, खुर्चीला पडत नाहीं. रोजच्या शंभर लहान आवाजांसाठीं कोणतेंही न्यायालय पुरणार नाहीं. तेथें जुना शेजारधर्मच कामास येतो. नव्या इमारतींत तो आपोआप येत नाहीं, कारण गॅलरी नाहीं आणि ओटाही नाहीं. तो जाणूनबुजून आणावा लागतो. नव्या घरीं सामान लागल्यावर पहिल्याच आठवड्यांत वरच्या, खालच्या आणि बाजूच्या दारीं जाऊन नांव सांगावें, घरीं कोण कोण आहे आणि कोण कधीं झोपतें तें सांगावें, आणि त्यांचेंही विचारून घ्यावें. ही ओळख भांडणापूर्वीं झालेली असावी; भांडणानंतर ती करून घेणें फार अवघड जातें.