पुरळ मावळले, रोग राहिला

भिलाईच्या पोलाद कारखान्याला ज्या नंदिनी खाणींनी चुनखडी पुरविली, त्यांच्या शेजारी अहिवारा वसले आहे. वैशाखात तेथे कोणाच्या अंगावर पुरळ उठले, तर दोष ऊन, घाम किंवा धूळ यांना दिला जाणे साहजिक आहे. बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु एका पुरळाविषयी प्रत्येक कुटुंबाने सावध असावे. ते उपदंशाचे होय.

बोलीभाषेत या रोगास 'गरमी' म्हणतात. या नावाने आपण फसू नये. उन्हाशी वा उष्ण पदार्थांशी त्याचा काहीएक संबंध नाही. तो एका मळसूत्री जंतूमुळे होतो, असे १९०५ साली शाउडिन व हॉफमन या जर्मन संशोधकांनी दाखविले. मुख्यतः तो शरीरसंबंधातून लागतो.

आरंभी जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक न दुखणारा व्रण होतो आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. स्त्रियांमध्ये तो आत असल्यास दिसतही नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दुसरी अवस्था येते. अंगावर, विशेषतः तळहातांवर व तळपायांवर, लालसर किंवा तपकिरी चट्टे उठतात. घामोळ्याप्रमाणे त्यांना सहसा खाज नसते. सोबत बारीक ताप, घसादुखी, थकवा, मानेत वा काखेत गाठी, तोंडात पांढुरके चट्टे, जांघेत ओलसर चपट्या गाठी, किंवा जागोजागी केस गळणे, यांपैकी काही आढळते. याच सुमारास रोग दुसऱ्यास लागण्याचा धोका मोठा असतो.

औषध न घेताही हे पुरळ मावळते. खरा धोका येथेच आहे. रोग शरीरात दडून राहतो आणि पुढे वर्षांनी हृदय, मेंदू व डोळे यांवर घाला घालू शकतो. गर्भवतीकडून तो गर्भास लागतो. मूल मृत जन्मू शकते.

सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त 'फिरंग' नावाने या रोगाचे वर्णन केले व त्यावर पाऱ्याची औषधे सांगितली. १९४३ पासून पेनिसिलिन उपलब्ध असता आज पाऱ्याच्या वाटेस जाण्याचे कारण नाही. या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटांची एकच मात्रा बहुधा पुरते. पेनिसिलिन सोसत नसल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

शंका येताच सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये रक्त तपासून घ्यावे. पती व पत्नी दोघांचीही तपासणी व्हावी. एकानेच औषध घेतल्यास रोग पुन्हा घरात येतो. गर्भवतीने तर पहिल्याच भेटीत ही तपासणी करून घ्यावी, मग अंगावर पुरळ असो वा नसो.