किंमत आणि परवाना

मुलांनो, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून विकत घेतलेले पुस्तक आपले होते. वाचून झाल्यावर ते मित्राला देता येते. संगणकाची सर्व कामे चालविणाऱ्या प्रणालीचे मात्र तसे नाही. तिच्यासाठी मोजलेले पैसे केवळ वापराच्या परवान्याचे असतात.

प्रणालीची पहिली प्रत सिद्ध करण्यास अपार श्रम व धन लागते; पुढील प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून कंपनी प्रत्येक देशातील लोकांची ऐपत पाहून किंमत ठरवू शकते. २००४ साली मायक्रोसॉफ्टने थायलंडसारख्या देशांसाठी ‘विंडोज एक्सपी स्टार्टर’ ही स्वस्त आवृत्ती काढली. २००५ साली ती हिंदीतून भारतात आली. परंतु ती नव्या, अल्प किमतीच्या संगणकाबरोबरच मिळे आणि तिच्यावर एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालत.

याहून निराळा मार्गही आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ साली लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली दिली. ती विनामूल्य असून मराठीतूनही वापरता येते. शिवाय तिच्या प्रती काढून इतरांना देण्याची मुभा आहे.

स्वस्त असणे निराळे आणि मुक्त असणे निराळे. म्हणून किमतीबरोबर परवानाही वाचावा.