लेप वाळू देऊ नये : तारुण्यपिटिकांविषयी दोन शब्द

गेल्या वैशाखात आमच्या घरी धाकट्या नातवाची मुंज झाली. घर पाहुण्यांनी भरून गेले होते. पाने मांडली गेली, पंगत बसली, आणि तेवढ्यात सूनबाईंच्या ध्यानात आले की आपली थोरली कन्या पंगतीत नाही. शोध घेता ती माडीवरील अडगळीच्या खोलीत दार लोटून बसलेली आढळली. वय वर्षे सतरा. कपाळ, दोन्ही गाल व हनुवटी तारुण्यपिटिकांनी, म्हणजे नित्याच्या भाषेत ज्यांना आपण मुरूम म्हणतो त्यांनी, भरून गेलेली. आणि त्यांच्या भोवती ठिकठिकाणी त्वचा भाजल्यासारखी लाल झालेली. "आजोबा, मी खाली येणार नाही. जो तो आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग एक औषध सांगतो," एवढेच ती बोलली.

मागाहून चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. एका आत्याबाईंनी लिंबाचा रस चोळावयास सांगितला होता, एका मावशींनी खाण्याचा सोडा, आणि कोणा मैत्रिणीने रात्रभर टूथपेस्ट लावून ठेवावयास. मुलीने सर्वांचेच ऐकले. परंतु इतरांस दोष देण्यापूर्वी माझा दोष मी सांगितला पाहिजे. "तोंड तेलकट राहते म्हणून हे होते, दिवसातून आठदहा वेळा साबणाने खसखसून धूत जा," हा उपदेश माझाच होता. आजोबांचा शब्द म्हणून तिने तो तंतोतंत पाळला. सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यात घालविलेल्या मनुष्याने ग्रंथ न उघडता उपदेश करावा, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली. मी वैद्य नव्हे. तथापि त्यानंतर जे वाचले, जाणत्या वैद्यांस व त्वचारोगाच्या डॉक्टरांस विचारून जे पडताळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

सुश्रुताने या विकाराची गणना क्षुद्ररोगांत केली असून त्यास मुखदूषिका हे नाव दिले आहे. तरुणांच्या मुखावर येणाऱ्या या पुटकुळ्यांना त्याने सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्यांनी रानात काटेसावरीचे खोड जवळून पाहिले असेल त्यांना ती किती यथार्थ आहे हे सांगावयास नको. कफ, वात आणि रक्त ही तिन्ही तो कारण म्हणून सांगतो. आजचे शास्त्र निराळ्या परिभाषेत बोलते. वयात येताना शरीरात जे अंतःस्राव वाढतात त्यांच्या योगाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल निर्माण करू लागतात. रोमरंध्राच्या मुखाशी मृत पेशींचे बूच बसते. आत तेल कोंडते, सूक्ष्म जंतू वाढतात आणि दाह होतो. आईबापांना हा त्रास झाला असेल तर मुलांना तो होण्याचा संभव अधिक. तात्पर्य, मुरूम हे अस्वच्छतेचे चिन्ह नव्हे. जे बूच खोलवर बसले आहे ते वरून कितीही घासले तरी निघत नाही. उलट, निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सामान्य साबण क्षारधर्मी असतो, म्हणून वारंवार साबण लावल्याने त्वचेचे स्वाभाविक कवच मात्र नष्ट होते. सोड्याचीही तीच गत. लिंबाचा रस तर तीव्र आम्ल. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा अक्षरशः भाजू शकते.

येथे वाग्भटाचे एक वचन आठवावे असे आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात मुखलेपाचा विधी सांगताना तो लेपाची जाडी बोटाच्या मापाने सांगतो. सर्वांत पातळ लेप पाव अंगुळाचा. आणि मग बजावतो की लेप ओला असेपर्यंतच मुखावर ठेवावा. वाळलेला लेप कांती बिघडवितो. काढतानाही तो पाण्याने भिजवून काढावा आणि नंतर त्वचेस थोडी स्निग्धता द्यावी. आपल्या घरांतून काय चालते ते पाहा. मुलतानी माती थापून तिला भेगा पडेपर्यंत मुली बसून राहतात, त्वचा ताणली गेली म्हणजे गुण आला असे समजतात, आणि मग ती खरडून काढतात. तेल शोषून घ्यावयाचे ते शोषून झाल्यावरही त्वचेला पिळीत राहणे, ही चिकित्सा नव्हे.

या एका नियमातच सर्व उपचाराचे मर्म आहे, असे मला वाटते. ते मर्म म्हणजे मात्रा. त्यास धरून नातीसाठी जो दिनक्रम आम्ही ठरविला तो येणेप्रमाणे.

प्रातःकाळी व रात्री, असे दोनच वेळा मुख धुवावे. घाम आल्यास मध्यंतरी नुसते पाणी पुरे. पाणी साधे अथवा कोमट असावे. शिरावर कढत पाणी घेणे केसांना व डोळ्यांना अहितकर, असे वाग्भटानेही सांगितले आहे. साबणाऐवजी मसुरीच्या डाळीचे वस्त्रगाळ पीठ पाण्यात कालवून बोटांच्या अग्रांनी हलकेच फिरवावे व धुऊन टाकावे. ते न मानवल्यास सौम्य फेसवॉश घ्यावा. पंचाने मुख टिपावे, पुसू नये. त्यानंतर, त्वचा तेलकट असली तरी, कोरफडीचा गर अथवा हलके, तेलरहित मलम अगदी थोडे लावावे.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, लेप. सुश्रुताने धने, वेखंड, लोध्र व कोष्ठ यांचा लेप सांगितला आहे. शार्ङ्गधरसंहितेत लोध्र, धने व वेखंड या तिघांचाच आहे, आणि ही द्रव्ये काष्ठौषधींच्या दुकानी सहज मिळतात. लोध्राची साल कषाय रसाची, म्हणून स्राव आवरणारी. वेखंड तीक्ष्ण, म्हणून नाजूक त्वचेस ते चिमूटभरच घ्यावे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी; खाज किंवा लाली आल्यास तो लेप आपल्यासाठी नाही असे समजावे. लेप पाण्यात कालवून लावावा, आणि वाळू लागण्यापूर्वी, दहाएक मिनिटांत, भिजवून काढावा. सुश्रुताने या विकारात वमनही विशेष हितकर म्हटले आहे. परंतु ते कर्म वैद्याच्या देखरेखीखालीच करावयाचे असते, घरी मिठाचे पाणी पिऊन नव्हे.

केसांच्या तेलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आमच्या सौभाग्यवती नातीला रोज रात्री खोबरेल तेल चोपडीत असत. ते तेल कपाळावर उतरे आणि उशीच्या अभ्र्यावरून गालांना लागे. खोबरेल तेल रोमरंध्रे बुजविणाऱ्यांपैकी आहे. आता तेल न्हाण्याच्या दिवशी न्हाण्यापूर्वी लावावयाचे आणि अभ्रा दर दोन दिवसांनी बदलावयाचा, असे ठरले.

आहाराविषयी दोनच गोष्टी. रात्री दही खाऊ नये, हा चरकाचा निषेध आपण जाणतोच. अजीर्ण होईल इतके गोड, मैद्याचे व जड अन्न टाळावे. साखर व मैदा यांनी मुरूम वाढू शकतात, आणि काहींना दुधाने, याला आधुनिक संशोधनातही काही पुष्टी मिळाली आहे. वेळेवर झोप आणि नित्य मलशुद्धी यांचे महत्त्व निराळे सांगणे नको.

पुटकुळी फोडू नये. तिच्या खुणा जन्मभर राहतात. उन्हात जाताना छत्री किंवा ओढणी घ्यावी. उन्हाने डाग अधिक काळवंडतात. गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मलमांपासून तर कटाक्षाने दूर राहावे. त्यांतील काहींत स्टिरॉइड अथवा पाराही सापडलेला आहे. स्टिरॉइडने आधी मुख उजळल्यासारखे दिसते, आणि पुढे त्वचा पातळ होऊन मुरूम दुप्पट जोमाने उठतात. गाठी मोठ्या व दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा मुलीची मासिक पाळी अनियमित असेल, तर घरगुती उपायांत काळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. त्यात आयुर्वेदाचा काही अवमान होत नाही.

आणि धीर धरावा. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास सुमारे चार आठवडे लागतात. म्हणून कोणत्याही उपचारास सहा ते आठ आठवडे दिल्यावाचून निर्णय करू नये. दर चार दिवसांनी औषध बदलणाऱ्याला कशाचाच गुण येत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी शेवटासाठी राखून ठेविली आहे. लेप मुखावर असताना काय वर्ज्य करावे हे सांगताना वाग्भट दिवसा झोपणे, बोलणे, अग्नी व ऊन यांच्या जोडीला शोक आणि क्रोध यांचीही नावे घेतो. हे वाचून मी थांबलो. ज्या घरात येणारा जाणारा मुलीच्या मुखावर टीका करतो, "हिचे लग्न कसे जमणार" असे तिच्या देखत बोलले जाते, त्या घरात तिने शोक कसा वर्ज्य करावा? त्याच रात्री मी सर्वांना माजघरात बोलावून सांगितले की, आजपासून या घरात कोणीही या मुलीच्या तोंडाविषयी चांगले वा वाईट एक अक्षर काढावयाचे नाही. तिला हवे असेल तेव्हा ती विचारील. आमच्या थोरल्या वहिनींना हे कठीण गेले. तथापि त्यांनीही पाळले.

या गोष्टीस आता पाच महिने झाले. भाजलेली त्वचा पंधरा दिवसांत निवली. मुरूम पुष्कळ कमी झाले, समूळ गेले नाहीत. डाव्या गालावरील दोन डाग राहतीलसे दिसते. परंतु गेल्या गौरींच्या हळदीकुंकवाला घर पुन्हा असेच भरले होते, आणि अत्तरदाणी घेऊन बायकांमध्ये फिरत होती ती हीच मुलगी. एका पाहुण्या बाईंनी तिची हनुवटी धरून काही सांगावयास आरंभ केला, तोच आमच्या वहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, आधी कुंकू लावून घ्या."