उंचावलेली जीप आणि प्रोपेलर शाफ्टचा कंप

पाटे बदलून उंच केलेली जीप मांजरसुंब्याचा घाट चढताना तळातून थरथरू लागली, की दोष बहुधा शाफ्टच्या तोलावर लादला जातो. तो नेहमीच यथार्थ नसतो. तोल बिघडल्याचा कंप शाफ्टच्या दर फेऱ्यास एकदा येतो. युनिव्हर्सल जॉइंटच्या कोनातून उद्भवणारा दोनदा.

वाकलेल्या जॉइंटपलीकडील कोनीय वेग एकसमान राहत नाही. मूळ वेगाशी त्याचे गुणोत्तर कोनाची कोज्या व तिचा व्यस्त यांच्या दरम्यान हेलकावते: १०° कोनास हा चढउतार सुमारे १.५ टक्के, तर २०° कोनास ६ टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे कोन समान व काटे एकाच प्रतलात असल्यास तो पिनियनपाशी नाहीसा होतो. म्हणून ट्रान्सफर केसचा बहिर्गामी दंड व पिनियन समांतर हवेत. केवळ लांब शॅकल बसविल्याने ही समांतरता ढळते आणि ती पाटा व अॅक्सल यांमध्ये पाचर ठोकून सावरावी लागते.

तरीही मधला शाफ्ट स्वतः विषम गतीनेच फिरतो, आणि त्याच्या जडत्वाचे धक्के उरतात. सबब कोनच लहान ठेवणे इष्ट. सीजे-३बी जीपच्या दोन आसांमधील अंतर अवघे ८० इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड. ५० सें.मी. शाफ्टास ५ सें.मी. उंची म्हणजे जवळजवळ ६° वाढ!

घाटात खालच्या गिअरमध्ये पाटे पिळवटून मागच्या पिनियनचे नाक वर उचलले जाते. म्हणून उभ्या गाडीत ते एकदोन अंश खाली ठेवतात. ट्रान्सफर केसपाशी दुहेरी जॉइंट बसविल्यास मात्र समांतरतेचा नियम लागू नाही. तेव्हा पिनियन शाफ्टच्याच रेषेत रोखावा लागतो.