जुन्या आउटबोर्ड मोटरच्या तळपेटीतील गळती : कारणमीमांसा आणि दुरुस्ती

नौकेच्या मागील फळीवर अडकविता येणारी आउटबोर्ड मोटर अमेरिकेत लोकप्रिय झाली ती प्रामुख्याने ओल एव्हिन्रूड यांच्या यंत्रामुळे. मिलवॉकी येथील या कारागिराने १९०९ साली आपले यंत्र बाजारात आणले. पुढे १९३६ मध्ये एव्हिन्रूड व जॉन्सन ही दोन्ही नावे एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. २००० च्या अखेरीस त्या कंपनीचे दिवाळे निघाले. तथापि तिची १९५० च्या दशकातील साडेपाच व दहा अश्वशक्तीची यंत्रे हौशी मंडळींनी आजही चालती ठेविली आहेत. या यंत्रांना जडणारा सर्वांत सामान्य विकार म्हणजे तळपेटीची गळती. तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तळपेटी म्हणजे पाण्याखाली राहणारा ॲल्युमिनियमचा ओतीव भाग. इंजिनाकडून खाली येणाऱ्या उभ्या दांड्याची गती तिच्यातील शंकुदंतचक्रे काटकोनात वळवून पंख्याच्या आडव्या दांड्यास देतात. ही चक्रे वंगणात बुडालेली असतात. उभा दांडा, पंख्याचा दांडा, गिअर बदलण्याची सळई, पेटीच्या दोन भागांमधील सांधा आणि वंगण भरण्याचे स्क्रू, एवढ्या ठिकाणी गळतीचा संभव असतो.

पाणी आत शिरते ते केवळ बाहेरील दाबामुळे, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. अर्धा मीटर खोलीवर पाण्याचा अधिक दाब वातावरणाच्या विसाव्या हिश्श्याइतकाच असतो. आता समजा, चालत्या यंत्रातील पेटीचे तापमान ५० अंश सेल्सिअस झाले आणि आतील वाढलेला दाब झिजलेल्या सीलवाटे निघून गेला. यंत्र थांबल्यावर पेटी २० अंशांपर्यंत निवते. निरपेक्ष तापमान ३२३ वरून २९३ वर आल्याने आत कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. ही घट पाण्याच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होय. म्हणजे पेटी तापताना तेल बाहेर टाकते आणि निवताना पाणी ओढून घेते. तेलाचे थेंब दिसोत वा न दिसोत, पाणी शिरू शकते ते यामुळेच.

परिणाम दुहेरी आहे. पाणी व तेल घुसळून दुधाळ मिश्रण होते, त्याची वंगणशक्ती घटते आणि दंतचक्रे व बेअरिंगे गंजतात. शीत प्रदेशात तर हिवाळ्यात आतील पाणी गोठून त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व पेटीच फुटते. सील पुन्हा मिळू शकते. जुने ओतकाम मात्र सहसा मिळत नाही.

निदान प्रथम, दुरुस्ती नंतर, हा क्रम सोडू नये. द्विघाती इंजिनाच्या इंधनातच तेल मिसळलेले असल्याने न जळालेले तेल धुरासवे बाहेर पडून पाण्यावर तवंग धरते. त्यालाच पुष्कळदा पेटीची गळती समजतात. यंत्र रात्रभर उभे ठेवून खालचा स्क्रू हळूच सैल करावा. जड असल्याने पाणी आधी येईल. तेल दुधाळ असल्यासही शंका उरत नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या यंत्रांपैकी कित्येकांवर वंगणाच्या स्क्रूजवळच फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो गिअर बदलणाऱ्या काट्याचा आधार आहे. तो काढल्यास काटा निसटतो आणि पेटी उघडणे भाग पडते.

यानंतर रिकाम्या पेटीत हातपंपाने दर चौरस इंचास ३ ते ५ पौंड हवा भरून ती पाण्यात बुडवावी व दांडे फिरवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे. एवढ्याने भागत नाही. सीलचा ओठ एका बाजूच्या दाबाने दांड्यावर घट्ट बसतो, तर उलट बाजूच्या दाबाने उचलला जातो. म्हणून निर्वात पंपाने उलट परीक्षाही घ्यावी. संशयित जागी लावलेले तेल आत ओढले गेले, तर दोष तेथेच आहे.

स्क्रूखालील वॉशर बदलल्याने काम भागत असेल तर पेटी उघडू नये. उघडणे अटळ असल्यास गिअरच्या सळईचा सांधा आधी सोडवावा, गंजलेले स्क्रू बळाने न पिळता पेटीस ऊब द्यावी आणि जुन्या सीलची दिशा टिपून ठेवावी. नवे सील बसविण्यापूर्वी दांड्यावर नख फिरवून पाहावे. चर लागल्यास नुसते सील बदलणे व्यर्थ; तेथे पातळ पोलादी नळी चढवावी किंवा ओठ कोऱ्या पृष्ठभागावर टेकेल असे सील किंचित सरकवावे. दुभंगणाऱ्या पेटीच्या खाचेतील रबरी दोरी टोके किंचित लांब ठेवून बसवावी, म्हणजे ती दाबाखाली परस्परांस भिडतात. जोडणीनंतर दोन्ही परीक्षा पुन्हा घ्याव्यात. वंगण खालच्या छिद्रातून, वरच्यातून ओसंडेपर्यंत भरावे व वरचा स्क्रू आधी लावावा. त्यामुळे हवा कोंडत नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक यंत्रांत आधुनिक सील मुळातच नसते. घट्ट ग्रीस हाच तेथील अडसर. त्यांत पातळ तेल भरून गळतीची तक्रार करणे, हा यंत्राचा नव्हे तर आपला दोष होय.